‘नाही सर, काही विचारायचं नाही’: पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला काय विचारावं

समोर महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली मुलंमुली बसली आहेत. काहींचं एम.ए., एम.एस्सी. झालंय, काही शेवटच्या वर्षाला आहेत. दोघंतिघं नोकरी करून पीएच.डी. करू पाहणारे शिक्षकही दिसतायत. सुरुवात एका वाक्यापासून करू. गेली काही वर्षं आम्ही प्रवेशाच्या मुलाखतींना टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. मुलाखत संपत आली की समितीतलं कुणीतरी विचारतं, “तुम्हाला काही विचारायचंय का?” उत्तर ठरलेलं: “नाही सर.” मग उमेदवार खुर्ची आवाज न करता मागे सरकवतो आणि निघून जातो.

याच उमेदवाराचे वडील गावात बैल घेताना दात बघतात, चालवून बघतात, चार जणांना विचारतात. इथे पोरगा आयुष्यातली पाच-सहा वर्षं एका माणसाच्या हाती देतोय आणि त्याला काहीच विचारायचं नाही. हा संकोच आम्हाला कळतो. आम्हीही तेच उत्तर देऊन बाहेर आलो होतो. त्याची किंमत किती मोजली, ते ओघात येईल.

आधी एक फरक लक्षात घ्या. मुलाखत म्हणतो तेव्हा प्रसंग दोन असतात. एक समितीपुढची औपचारिक मुलाखत. तिथे तुमचा संशोधन आराखडा तपासतात. दुसरी भेट मार्गदर्शकाच्या केबिनमधली, कधी समितीच्या आधी, कधी नंतर. आज जे प्रश्न सांगणार आहोत ते बहुतेक या दुसऱ्या भेटीसाठी आहेत. समितीपुढे एखादाच विचारा, पण विचारा. मार्गदर्शक ठरवताना त्याच्याकडच्या जागा, त्याचा विषय आणि उमेदवाराची आवड या गोष्टी बघितल्या जातात. तुम्ही गप्प बसलात तर शेवटची गोष्ट दुसरंच कुणीतरी ठरवतं.

पहिला प्रश्न ऐकायला जरा उद्धट वाटेल. “सर, मध्येच तुम्ही नसलात तर माझं काय?”

गोविंद सदाशिव घुर्ये आपल्या कोकणातले, मालवणचे. मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन ते १९२० साली इंग्लंडला गेले. आधी लंडनमध्ये हॉबहाउस यांच्याकडे होते. तिथे मन रमलं नाही म्हणून केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. माणूस आवडला, काम सुरू झालं, आणि १९२२च्या जूनमध्ये रिव्हर्स अचानक वारले. परका देश, मोजके पैसे, अर्धा प्रबंध. पुढे ए. सी. हॅडन यांनी हाताखाली घेतलं आणि घुर्ये डॉक्टरेट घेऊन परतले. त्यातूनच पुढे १९३२ साली त्यांचं जात आणि वंश यांवरचं गाजलेलं पुस्तक आलं. त्याच विभागात दुसरा जाणता माणूस होता, म्हणून ते निभावलं. सगळीकडे हॅडन असतोच असं नाही.

आपल्याकडे मृत्यूपेक्षा निवृत्ती जास्त वेळा आडवी येते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर २०२२चे आहेत. त्यांत साफ म्हटलंय की, ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलाय त्यांनी नवीन विद्यार्थी घेऊ नये. आधी घेतलेल्यांना ते निवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करू शकतात आणि नंतर सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. आता हिशेब करा. सरांच्या निवृत्तीला साडेतीन वर्षं आहेत. नियमात बसतं. पण पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं लागतात, आणि आमच्या पाहण्यात तीन वर्षांत झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे शेवटची दोन वर्षं, नेमकी लिहिण्याची, तुमचा मुख्य मार्गदर्शक दुसराच कुणीतरी असणार. तो कोण, हे आजच विचारायचं. “सर, आपल्या निवृत्तीनंतर विभागात हा विषय कोण बघेल? त्यांना आत्ताच सहमार्गदर्शक म्हणून घेता येईल का?” यात उद्धटपणा काही नाही. चांगले सर यावर खूश होतात, कारण पोराने नियम वाचलेत हे त्यांना दिसतं.

दुसरी गोष्ट संख्येची. याच नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. हे मात्र विचारत बसू नका, घरून बघून जा. कुठल्या मार्गदर्शकाकडे कोण विद्यार्थी आहे, विषय काय, प्रवेश कधी झाला, ही यादी संस्थेने आपल्या संकेतस्थळावर ठेवून दर वर्षी ताजी करायची असते. तारखा नीट बघा. पाच विद्यार्थी आणि पाचही सहा-सात वर्षांपूर्वीचे, तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा. ‘शोधगंगा’वर जाऊन त्या सरांच्या हाताखाली झालेले प्रबंधही उघडा. सगळा वाचू नका, आभार वाचा आणि शेवटचं प्रकरण वाचा. आभारात माणूस कळतो, शेवटच्या प्रकरणात काम कळतं. सलग तीन प्रबंधांत तेच चार निष्कर्ष गावाची नावं बदलून आलेले दिसले, तर पुढचं गाव तुमचं असणार हे ओळखा.

आता विषयाकडे येऊ. इथे थोडं थांबणार आहोत, कारण या दोन तालुक्यांतल्या मुलांचं खरं दुखणं इथे आहे.

तुम्ही जिथून येता तिथे विषयांना तोटा नाही. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या. २२ जुलै २०२१ला तळीये गेलं, ८०हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत डोंगर खाली आला, आणि महाड शहर सावित्री-गांधारीच्या पाण्यात बुडालं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. एमआयडीसीचं पाणी आहे, कातकरी कुटुंबांचं दर वर्षीचं स्थलांतर आहे, ओस पडत चाललेल्या वाड्या आहेत. यातलं काही तुम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, घराच्या पडवीतून पाहिलंय. म्हणून आराखड्यात तुम्ही लिहिता, “माझ्या तालुक्यातील दरडप्रवण वस्त्यांचे पुनर्वसन”. मुलाखतीत सर म्हणतात, “विषय चांगला आहे, पुढे बघू.” तुम्ही पेढे वाटता.

‘पुढे बघू’ म्हणजे काय, हे विचारायचं राहून जातं.

आमच्यातल्या एकाचं हेच झालं. नदीकाठच्या गावांवर काम करायचं होतं. सरांकडे आधीच एक मंजूर प्रकल्प होता, दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्याच प्रश्नावरचा. वर्षभराने सांगितलं गेलं की, डेटा तयार आहे, त्यावरच कर, लवकर सुटशील. पदवी मिळाली. पण ज्या गावांसाठी निघालो होतो, त्या गावांवर एक ओळही लिहिली नाही. सर वाईट नव्हते, त्यांनी फसवलंही नाही. आम्ही विचारलं नव्हतं, एवढंच. आणि मग पूर आला की गावातली माणसं विचारतात, “तुम्ही त्यावरच शिकलात ना?” तेव्हा काय उत्तर द्यायचं?

म्हणून सरळ विचारा: “सर, विषय माझा राहील की आपल्या प्रकल्पाचा भाग असेल? प्रकल्पाचा असेल तर माझ्या वाट्याचं नेमकं काय? बदलायची वेळ आली तर कधीपर्यंत आणि कुणी ठरवायचं?” प्रकल्पाचा विषय घेणं काही कमीपणाचं नाही, हेही सांगून ठेवतो. विज्ञान शाखेत बहुतेकदा तेच होतं आणि तेच बरं असतं. उपकरणं मिळतात, रसायनांचा खर्च निघतो, सोबत माणसं असतात. फक्त आधी माहीत असावं.

याच्याच पोटात आणखी एक प्रश्न आहे, कामाच्या ऋतूचा. तुमचं क्षेत्रकाम पावसाळ्यात असेल तर सरांना ते माहीत हवं. दरड, पूर, झऱ्यांचं पाणी, भातशेती यांची निरीक्षणं जून ते सप्टेंबरमध्येच होतात. आणि नेमके तेच महिने कोर्सवर्कचे वर्ग भरले तर? एक पावसाळा हुकला म्हणजे एक वर्ष गेलं. मुंबईत वाढलेल्या माणसाच्या हे चटकन लक्षात येत नाही. आपण सांगावं लागतं. उलटही आहे: कातकरी वाड्यांवर काम करणार असाल तर पावसाळ्यानंतर माणसं भट्ट्यांवर निघून जातात, वाडीत म्हातारी आणि पोरं उरतात. मुलाखती कुणाच्या घेणार?

आता मतभेदाचा प्रश्न. महाडात उभं राहून तो बाबासाहेबांशिवाय सांगताच येणार नाही. १९२७च्या चवदार तळ्याच्या आधीचे, विद्यार्थी असलेले आंबेडकर घ्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आंबेडकरांनी १९२२ साली दिला. परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तो पुन्हा सादर झाला, १९२३ साली डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी पुस्तकही आलं. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनन यांचीच आहे. आणि तीत कॅनन स्वच्छ लिहितात की, लेखकाची बरीचशी टीका आपल्याला पटत नाही. तरी त्यांनी प्रस्तावना लिहिली, विद्यार्थ्याच्या विचारातल्या ताजेपणाला दाद दिली, आणि विद्यार्थ्यानेही ती जशीच्या तशी छापली. असा मार्गदर्शक मिळणं म्हणजे काय, ते समजून घ्या. सही त्याची, मत तुमचं.

याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवू. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेटसाठी गेल्या. कवट्यांच्या मापांतून वंशांचा फरक दिसावा अशी फिशर यांची अपेक्षा होती. कर्वेबाईंनी मोजमाप केलं आणि तसं काही दिसत नाही असं लिहिलं. पदवी मिळाली, पण मार्गदर्शक खूश नव्हते.

तुम्हाला कॅनन भेटणार की फिशर, हे मुलाखतीत थेट विचारून कळणार नाही. “सर, मी तुमच्या विरुद्ध लिहिलं तर चालेल का?” असं विचारलंत तर कुणीही म्हणेल, “अवश्य!” वळणाने विचारा: “सर, तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याचा निष्कर्ष तुमच्या आधीच्या लेखापेक्षा वेगळा आला, असं कधी झालंय का?” उत्तर देताना सर खुलले आणि त्या विद्यार्थ्याचं नाव घेऊन बोलू लागले तर निर्धास्त राहा. “असं कसं होईल?” म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

भेटींबद्दल थोडक्यात. नियमाप्रमाणे दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची मांडणी करायची असते. ती धरू नका, ती होतेच. प्रश्न असा विचारा: “प्रकरण दिल्यावर साधारण किती दिवसांत वाचून मिळतं?” महिन्यातून किती वेळा भेटता, याला फार अर्थ नाही. पोलादपूरहून पहाटेची एसटी धरून, खड्ड्यांतून मुंबईला पोचायचं आणि सर मीटिंगला गेलेले असायचे, हा प्रकार इथल्या किमान दोघांनी तरी अनुभवलेला असेल. फोनवर, ऑनलाइन भेट चालेल का, हे पहिल्याच दिवशी ठरवा. काम लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात बसण्यासारखं असेल तर तेही पर्याय तपासा. मुंबई म्हणजेच विद्यापीठ अशी आपली समजूत असते. पण लोणेरे महाडच्या उशाला आहे.

नोकरी करणाऱ्यांनी: अर्धवेळ पीएच.डी.ला नियमांत परवानगी आहे, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. सरांना विचारा की, त्यांच्याकडे अर्धवेळवाले आधी कुणी होते का आणि ते पूर्ण झाले का. एवढंच.

मुलींसाठी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण अर्ध्या मुली घरच्यांच्या भीतीने फॉर्मच भरत नाहीत. प्रवेशापासून जास्तीत जास्त सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, ही सर्वसाधारण मुदत. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. आणि फार कमी जणींना माहीत असलेली गोष्ट: लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं तर आधीचं काम घेऊन दुसऱ्या संस्थेत जाता येतं, अटी पाळून. काम मूळ संस्थेने मिळवलेल्या प्रकल्पाचा भाग असेल तर मात्र नाही. बघा, विषय कुणाचा हा प्रश्न इथे पुन्हा आला. आई-वडिलांना हे नियम वाचून दाखवा. “लग्नानंतर काय?” हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला कागदावर उत्तर आहे. मुलाखतीत मात्र कुणी “लग्न कधी करणार?” असं विचारलं तर विषयावर या. “सर, सहा वर्षांचं वेळापत्रक आराखड्यात जोडलंय.” पुढे काही बोलायची गरज नाही.

पैसा. आंबेडकरांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, कारण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली. परत जायला १९२० उजाडलं, तेही सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतले साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज यांवर. तेव्हा पैशाचं बोलायला लाजू नका. जेआरएफ जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार आहे, दोन वर्षांनी ४२ हजार, घरभाडं वेगळं, आणि ती जास्तीत जास्त पाच वर्षं. नेट नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण ते पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील या भरवशावर घर भाड्याने घेऊ नका, त्यासाठी आझाद मैदानात बसलेले विद्यार्थी आपण पाहिलेत. मार्गदर्शकाला विचारायचं ते असं: “प्रगती अहवालावर सही साधारण कधी मिळते?” आणि “क्षेत्रकामाचा खर्च कुठून काढतात?” सही अडली की पैसे अडतात.

शोधनिबंधांवर नाव कुणाचं पहिलं, हेही विचारा. नवीन नियमांत प्रबंध देण्याआधी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने काढली आहे, विद्यापीठाची वेगळी अट असेल तर ती वेगळी. त्यामुळे “पैसे भरून कुठेतरी दोन छापून घे” असं कुणी सांगितलं, तर का, हे विचारायला हरकत नाही. प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर तेही आत्ताच बोला. सरांना मराठी प्रबंध तपासायची सवय आहे का, बाहेरचे परीक्षक कुठून मिळतील, हा व्यवहार आहे.

काही गोष्टी सरांना विचारायच्याच नसतात. सरांच्या मुलीच्या ॲडमिशनच्या रांगेत उभं राहावं लागतं का? उत्तरपत्रिका कोण तपासतं? व्हायवाच्या दिवशीचं जेवण, शाली, पाकिटं कुणाच्या खिशातून? हे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि कॅन्टीनमध्ये विचारा, विभागात नाही. दोघांना विचारा: एक पूर्ण झालेला, एक सोडून गेलेला. सोडून गेलेला शोधायला वेळ लागतो, पण तो सगळ्यात खरं बोलतो. त्याचं सगळंच खरं मानू नका, त्याचीही बाजू असते. “सर कसे आहेत?” असं विचारलंत तर “देवमाणूस” एवढंच ऐकायला मिळेल. विचारा, “तुझं शेवटचं प्रकरण कधी परत आलं? त्यावर काय लिहिलं होतं?”

वेळ झाली. समोरून एक चिठ्ठी आलीय, ती वाचतो: “एवढं सगळं विचारलं आणि गाईड रागावले, जागा गेली तर? आमच्या विषयात तर दोनच गाईड आहेत.”

प्रश्न खरा आहे. जागा जाऊ शकते, नाही म्हणणार नाही. दोनच असतील तर सगळे प्रश्न एकदम टाकू नका. यादी आणि ‘शोधगंगा’ घरी बघा, विद्यार्थ्यांना भेटा, म्हणजे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. सरांसमोर तीनच ठेवा: विषय कुणाचा, प्रकरण किती दिवसांत, आणि तुमच्यानंतर कोण. वहीत लिहून न्या, उत्तरं त्यांच्यासमोर लिहून घ्या आणि घरी पोचल्यावर आभाराचा ई-मेल पाठवताना त्यात ती उत्तरं दोन ओळींत लिहा: “आपण सांगितल्याप्रमाणे...” तीन वर्षांनी वाद झालाच तर तोच मेल कामाला येतो. आणि एवढ्या तीन प्रश्नांनी रागावणारा माणूस, तुम्ही चौथं प्रकरण त्याच्या मताविरुद्ध लिहून नेलंत तर काय करेल, याचा विचार त्याच दिवशी एसटीत बसून करा. महाडपर्यंत वेळ भरपूर असतो.